मिलिंददादाची वास्तुशांत

आमच्या मिलिंददादाला अख्ख्या इन्स्टिट्यूटच्या डोक्यांची मापं तोंडपाठ आहेत. हॅनोव्हरला नवं कुणी शिकायला आलं, की दुसऱ्याच दिवशी मेन्सात, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खानावळीत, जेवता जेवता त्याच्या डोक्याभोवती दादाची टेप! का, तर इथे पीएच.डी. मिळाली की सोबतचे लोक पुठ्ठ्याची काळी टोपी करून घालतात, वर त्या माणसाच्या सगळ्या भानगडी चिकटवून. आमच्याकडच्या टोप्या दादाच्या हातच्या. केतकीचं काम पवनचक्क्यांवर, म्हणून तिच्या टोपीवर फिरणारी पवनचक्की होती आणि तिचा हरवलेला सायकलचा दिवासुद्धा. तो त्याला कुठे सापडला देव जाणे.

मग नव्या डॉक्टरला हातगाडीत बसवून मुख्य इमारतीपर्यंत ओढत न्यायचं. ही इमारत मुळात राजवाडा. बांधणाऱ्या राजाचं राज्यच गेलं, तो राहायला आलाच नाही. दादाला याचं भयंकर वाईट वाटतं. त्याचं प्रत्येक वाक्य जर्मन 'आल्झो'ने, म्हणजे 'तर'ने, सुरू होतं. "आल्झो, एवढं घर बांधलं आणि वास्तुशांत नाही!" म्हणून प्रत्येकाने टोपी घालून त्या पायऱ्या चढायच्याच, हा त्याचा नियम.

स्वतःचं मात्र आठवं वर्ष. माझं त्या राजासारखंच होणार, म्हणायचा.

आणि गेल्या शुक्रवारी अहो, झाला की डॉक्टर! इथे टाळ्यांऐवजी बाकं वाजवतात. आम्ही इतकी बडवली की माझी बोटं अजून दुखतायत.

पण टोपी करताना आमची पंचाईत झाली होती. दादाला आवडतं काय, कुणालाच ठाऊक नाही. आठ वर्षं तोच सगळ्यांची चौकशी करत होता, आम्हा मेल्यांना एकदाही सुचलं नाही. शेवटी त्याने केलेल्या अकरा टोप्यांच्या मी बोटाएवढ्या नकला कापल्या आणि वर चिकटवल्या.

पायऱ्यांशी गाडी थांबली. दादाने टोपी काढून आधी गोंद तपासला. ओलाच होता. मग एकेका टोपीवर बोट ठेवून नावं घेऊ लागला. रोहन, फ्रँकफर्टला. केतकी, म्युनिकला.

"सगळे गेले गं," तो म्हणाला. "फोन कुणाचाच येत नाही."

मी तिथल्या तिथे केतकीला व्हिडिओ कॉल लावला. ती ऑफिसात होती. तिच्या मागे कपाटावर काळी टोपी.

दादाने फोन जवळ घेतला. मग हळूच विचारलं, "पवनचक्की फिरते का अजून?"

केतकीने टोपी खाली काढली आणि फुंकर मारली. पवनचक्की फिरली.

दादाने आपली टोपी घातली आणि पायऱ्या चढू लागला.