करंट गेल्यावर चाललेला माग

घोरणाऱ्याला स्वतःचं घोरणं का ऐकू येत नाही? पाचवीत मी हे गुरुजींना विचारलं, तर त्यांनी मला बाकावर उभं केलं. (ते स्वतः तासाला घोरायचे.) पुढं शाळा सुटली, उत्तर राहिलंच.

आमच्या थोरल्या भावाचा, नागेंद्र अण्णाचा, श्वास झोपेत घशात अडकायचा. मग लांबलचक खर्रर्र, शेवटी खट्. वडगावात आमच्या घरी दोन माग, त्यात ते खपून जायचं. पण दोन स्थळं या घोरण्यापायी मोडली होती. तिसरं सुवर्णाचं. शहापूरचे परशराममामा लेकीला घेऊन घर बघायला यायचे होते.

अण्णा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपला होता. आई म्हणाली, "उठव त्याला." मी म्हटलं, झोपू दे थोडा, तोंड ताजं दिसेल. (निर्णय घ्यायचं काम मला घरात कुणी दिलेलं नव्हतं.) तेवढ्यात पाहुणे आलेच.

आतून खर्रर्र... खट्.

"काय रं ते?" मामांनी विचारलं.

"माग, मामा. साडी चाललीया."

मामांची चाळीस वर्षं मागावर गेलेली. डोळे मिटून ऐकत बसले. "धोटा अडकतोय तुझा. तेल घातलंस?"

"सकाळीच घातलं की."

मामांनी वर बघितलं. पंखा गप्प उभा होता. "करंट न्हाय. माग कशावर चाललाय?"

"डिझेलवर."

अडकलेला माग ऐकून विणकर बसून राहील? कोपऱ्यातला तेलाचा डबा उचलून मामा उठले. मी आडवा आलो, तर मलाही बाजूला सारून त्यांनी दार उघडलं. आत अण्णा, आ वासून.

"व्हय रं, ह्यात तेल कुठं घालायचं?"

अण्णा दचकून जागा झाला आणि माझ्यावरच खेकसला, "हळू घोर की रं! पाहुणे यायच्यात."

सुवर्णा ओढणी तोंडात कोंबून हसत होती. म्हणाली, "असू द्या बाबा. तुमच्यापेक्षा हळूच हाय."

लग्न जमलं. आठ वर्षं मी त्याचं श्रेय घेत फिरलो.

गेल्या महिन्यात अण्णा गेला. तिरडीवर त्याला उताणा निजवला, तसा मी गर्दीतून धावलो आणि त्याला कुशीवर वळवायला लागलो. "उताणा झोपला की लई घोरतो त्यो!"

मामांनी माझा हात धरला. "आता न्हाय घोरत रं."

मला पटेना. निदान मान तरी म्हणून ती डावीकडं केली.

वहिनी रडता रडता म्हणाली, "डावीकडं न्हाय, भावजी. तिकडं जास्तच घोरायचे."

मी उजवीकडं केली.