मुरलीधररावांची न ऐकू आलेली घोषणा

आमच्या नात्यातल्या कुठल्याही लग्नात जा, जेवणं झाली की कोणीतरी ती गोष्ट काढतंच. एकोणतीस वर्षं बस स्टँडवर माइकवर बोललेला माणूस, आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या घोषणेच्या वेळी माइक चालू करायलाच विसरला! लोक पोट धरून हसतात. ही गोष्ट सगळ्यात रंगवून सांगतो तो मी. आणि ती खोटी आहे. हे सांगायचं मी सात वर्षं टाळलं. मुरलीधरराव जाऊन आता दीड वर्ष झालं, मला एक्क्याऐंशी पुरी झाली. टाळायला आता फारशी जागा उरलेली नाही.

मुरलीधरराव माझे साडू. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे, सुमनचे, यजमान. बिबवेवाडीत आमच्याच सोसायटीत, समोरच्या बिल्डिंगमध्ये राहायचे. त्यांचा छंद असा होता की पाहुण्यांना सांगताना मलाच लाज वाटायची. अडुसष्ट वर्षांचा हा गृहस्थ रोज सकाळी आंघोळ-पूजा आटोपून टॅब पुढ्यात घ्यायचा आणि परदेशातली माणसं किंचाळताना बघत बसायचा.

नीट सांगतो. जपानात व्हिडिओ गेम काढणारी एक कंपनी आहे. ती अधूनमधून पत्रकार परिषद घेते आणि पुढे कोणते गेम येणार ते जाहीर करते. जगभर पसरलेले तिचे भक्त ही परिषद घरी बसून बघतात, आणि बघताना स्वतःचंच चित्रण करतात. पडद्याच्या एका कोपऱ्यात एवढीशी परिषद, आणि उरलेल्या जागेत हे. डोक्याला हात लावणार, खुर्चीवरून उडी मारणार, उशी चावणार. मग ते चित्रण सगळ्यांना बघायला ठेवणार. मुरलीधरराव ते बघायचे. म्हणजे कंपनीकडे बघणाऱ्या माणसाकडे बघणारा माणूस, आणि शेजारी चहाचा कप घेऊन त्याच्याकडे बघणारा मी. मी शाळेत उपमुख्याध्यापक होतो. मूर्खपणाचे इतके थर एकावर एक चढलेले मी नववी 'ड'मध्येसुद्धा पाहिले नव्हते.

बरं, स्वतः त्यांनी गेम जन्मात खेळला नव्हता. विचारलं तर म्हणायचे, "मला गेमशी काय करायचंय, साडूसाहेब? मला तोंडं बघायची असतात."

ही तोंडं त्यांच्या घरची झाली होती. ब्राझीलचा एक दाढीवाला होता, तो प्रत्येक परिषदेत रडायचा. फिलिपिन्सच्या दोन बहिणी होत्या, त्या एकमेकींना बदडायच्या. जर्मनीचा एक होता, त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही. त्याचं नाव त्यांनी 'पोस्टमास्तर' ठेवलं होतं. "दाढीवाला गेल्या दोन खेपांना दिसला नाही हो," हे ते मला दूध आणायला जाताना गेटपाशी थांबवून सांगायचे. "आजारी असेल का?" जसा काही तो त्यांचा लोणी काळभोरचा भाचा.

भक्तांबद्दल काय बोलावं? पडद्यावर नुसतं एक पान उडत आलं की यांचा श्वास अडकतो. डोंगर दिसला की किंकाळी. नाव दिसलं की रडणं. आणि "तारीख लवकरच कळवू" असं आलं की पुढच्या मिनिटाला खाली शेरे सुरू: तुम्ही आमचं बालपण मारलंत, कंपनी संपली, मी आजपासून तुमचं तोंड बघणार नाही. पुढच्या परिषदेला सगळ्यात आधी हाच हजर. शाळेत असल्या पोराच्या पालकांना मी बोलावून घेतलं असतं.

मुरलीधररावांना मात्र यात काही वावगं दिसायचं नाही. ते घोषणेच्या अंगानं बघायचे. "हा नवा माणूस तारीख गिळतो," असा शेरा ते कंपनीच्या जपानी अध्यक्षावर मारायचे. "आधी लक्ष वेधायचं, मग गाडी कुठली ते सांगायचं, मग वेळ. आणि घोषणा नेहमी दोनदा करायची. पहिल्यांदा लोक नुसते दचकतात, ऐकतात दुसऱ्यांदा. हा एकदाच सांगून मोकळा होतो. शिकवलंच नाही कुणी." स्टँडची भाषा त्यांच्या घरातही शिरली होती. जेवताना म्हणायचे, "प्रवाशांनी नोंद घ्यावी, आमटीत मीठ पडलेलं नाही." त्यावर सुमन आतून, "प्रवाशांनी उठून घ्यावं!"

एकदा मी वैतागून विचारलं, "अहो, पण मिळतं काय तुम्हाला यातून?"

त्यांनी टॅब मांडीवर पालथा ठेवला. "साडूसाहेब, एकोणतीस वर्षं मी माइकवर बोललो. माझी घोषणा ऐकून एकाही माणसाला आनंद झाला नाही. गाडी वेळेवर आली, तर ती यायलाच हवी होती. उशिरा आली, तर लोक माझी आई काढायचे. एकदा मी म्हटलं, बार्शी गाडी अर्ध्या तासात येईल, तर खिडकीवर चप्पल आली. आणि इथे बघा! तो माणूस सांगतो, पुढच्या वर्षी येईल. पुढच्या वर्षी! आणि लोक नाचतायत." मग टॅब पुन्हा सरळ करत म्हणाले, "एकदा तरी अशी घोषणा करायला मिळायला हवी होती."

मी म्हणालो, "मग जपानला अर्ज करा." आमच्याकडे याला विनोद म्हणतात.

अर्ज करावा लागला नाही. मृण्मयी नावाची एक मुलगी, हिंजवडीत आयटीत नोकरीला, तीही असली चित्रणं करायची. मुरलीधररावांनी तिच्या चित्रणाखाली शेरा लिहिला: 'चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद. आपण एकूण तीन वेळा किंचाळलात. पैकी दुसरी किंकाळी घाईची झाली, घोषणा अजून पूर्ण व्हायची होती. कळावे.' त्या पोरीला हे इतकं आवडलं की तिनं त्यांना शोधून काढलं, आणि ते स्टँडवर घोषणा करायचे हे कळल्यावर तर ती घरीच आली. "काका, नेक्स्ट टाइम आम्ही सगळे एकत्र बघणार आहोत. तुम्ही लाइव्ह अनाउन्समेंट करायची. मराठीत, एकदम स्टँडवाली. प्लीज!"

त्या खेपेला एका गेमचा तिसरा भाग जाहीर होणार अशी हवा होती. दुसऱ्या भागाच्या शेवटी एक मुलगी तलवार घेऊन पुलावर उभी राहते आणि गेम संपतो. ती अकरा वर्षं तिथेच उभी होती, आणि इकडे भक्तांच्या घशाला कोरड. जपानची दुपार म्हणजे आपली सकाळ, रविवार होता, आणि हॉल हवा होता आमच्या सोसायटीचा. सोसायटीचा अध्यक्ष मी.

मी हॉल दिला. एका अटीवर. सुरुवातीला दहा मिनिटं अध्यक्षीय भाषण. विषय: व्हिडिओ गेम आणि तरुण पिढीचा ऱ्हास. चार पानं लिहून काढली होती.

मुरलीधररावांनीही लिहून काढलं होतं. आठ दिवस ते गरम पाण्याच्या गुळण्या करत होते. मसुदे दोन: तिसरा भाग आला तर एक, नाही आला तर दुसरा. दुसरा मला वाचून दाखवला नाही. "तो 'दिलगीर आहोत'चा आहे, तो पाठच आहे," म्हणाले. पहिला मात्र तीनदा वाचून दाखवला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि खिशाला स्टँडवरचा जुना बिल्ला.

साठेक पोरं जमली. मी व्यासपीठावर गेलो. पहिलं पान अर्धं झालं नसेल, तोच मागून एक जण, "अंकल, हा पार्ट स्किप करू या ना?" हशा. मृण्मयी पुढे आली, अगदी नम्रपणे. "सॉरी काका, ते पाच मिनिटं आधीच सुरू करतायत. तुम्ही नंतर बोला ना." आणि तिनं माझ्या हातातला माइक घेऊन मुरलीधररावांच्या हातात दिला. टाळ्या पडल्या. "काका! काका!" असा घोष सुरू झाला. छत्तीस वर्षं शाळेत बोललो. माझ्या नावाचा घोष कधी झाला नाही. झाला तो शनिवारी, तास संपल्याची घंटा वाजल्यावर, आणि तोही घंटेसाठी.

मी हॉलच्या मागच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथे टेबलावर सोसायटीचा गणपतीतला अँप्लिफायर होता.

परिषद सुरू झाली. पहिल्या दोन-तीन फुटकळ घोषणा मुरलीधररावांनी काय केल्या! तो आवाज म्हणजे स्टँडच होता: तीच किंचित नाकातली सुरावट, तोच थांबा. एक घोषणा झाली की स्टँडच्या सवयीनं माइकची खिट्टी खाली, पुढचीच्या वेळी पुन्हा वर. पोरं हसून लोळत होती, पण ऐकत होती. मग पडदा काळा झाला. धुकं आलं. धुक्यात पुलाचा एक दोर दिसला. हॉलमध्ये साठ माणसं असून पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मुरलीधररावांनी खिशातून कागद काढला, खिट्टी वर केली आणि माइक तोंडाशी नेला.

मी हात लांब केला आणि माइकच्या आवाजाचं बटण शून्यावर फिरवलं.

ठरवलं नव्हतं, असं म्हणायला मला आवडलं असतं. भाषणाची पानं खिशात घातली तेव्हाच माझी नजर त्या बटणावर गेली होती.

पुलावरची मुलगी हलली. हॉल फुटला. पोरं खुर्च्यांवर चढली, एकमेकांच्या गळ्यात पडली, एक जण जमिनीवर आडवा झाला. या सगळ्यासमोर मुरलीधरराव उभे राहून घोषणा करत होते. मसुदा मला पाठ झाला होता, त्यामुळे नुसत्या ओठांवरून कळत होतं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गेली अकरा वर्षे पुलावर थांबलेली मुलगी पुढील वर्षी मार्गस्थ होत आहे.' एकदा झाली. मग नियमाप्रमाणे दुसऱ्यांदा. एकही शब्द गाळला नाही.

गलका ओसरल्यावर मृण्मयी म्हणाली, "काका, तुमचा आवाजच आला नाही!"

मी मागून खणखणीत आवाजात म्हणालो, "माइक पुन्हा चालूच केला नसेल त्यांनी! उत्साहात राहून गेलं."

सगळे हसले. मुरलीधररावांनी हातातल्या माइककडे पाहिलं. त्यावरची खिट्टी वर होती, म्हणजे माइक चालू होता. मला भिंतीपासून दिसत होतं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग अंगठ्यानं ती खिट्टी हळूच खाली सरकवली आणि माइक पोरांना दाखवत म्हणाले, "अरेच्चा. बंदच आहे की."

तिथून ती गोष्ट निघाली. मृण्मयीनं चित्रण टाकलं. त्यात कोपऱ्यात कागद हातात घेऊन ओठ हलवणारे मुरलीधरराव दिसतात. ब्राझीलहून कोणीतरी विचारलं, हे आजोबा कोणत्या देवाची प्रार्थना करतायत? तेही मी लग्नांतून सांगायला लागलो. सांगताना ते समोरच बसलेले असायचे, आणि हसायचे. कधी माझं काही राहिलं तर आठवण करून द्यायचे, "बिल्ल्याचं सांगा, बिल्ल्याचं."

मग त्यांचं हृदयाचं दुखणं सुरू झालं. शेवटच्या उन्हाळ्यात एका दुपारी मी ठरवून गेलो. वाक्य तयार होतं. ते पलंगावर उशीला टेकून टॅब बघत होते. हॉलचंच चित्रण.

"बसा, साडूसाहेब. हा निळ्या शर्टवाला बघा. उडी मारली तेव्हा चप्पल इथे, माणूस तिथे." मग चित्र थांबवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं भाषण राहून गेलं हो त्या दिवशी. चार पानं लिहिली होतीत. मी पोरांना दहा मिनिटं थांबवायला हवं होतं. मला कळतं ना, कोणी ऐकत नसलं की कसं वाटतं. चुकलंच माझं."

मी म्हणालो, "पंखा कुरकुरतोय तुमचा. तेल घालून घ्या."

चहा घेतला. निघालो. दोन जिने उतरलो, खालच्या फरशीवर जरा वेळ उभा राहिलो, आणि पुन्हा दोन्ही जिने चढून बेल वाजवली. सुमननं दार उघडलं.

"काय हो भाऊजी, काही विसरलं का?"

आतून मुरलीधररावांचा आवाज आला, "कोण आहे गं?"

मी म्हणालो, "छत्री राहिली."

सुमननं माझ्या हाताकडे पाहिलं. छत्री हातातच होती.