नंदीला लावली रेसची चाकं

बैल आपल्या मनानं पळाला, दोरी सुमित्राबाईनं सोडलीच नव्हती. पण हे गावात एकानं तरी मानलं असेल तर शपथ! मारुतीच्या पायांवर हात ठेवून सांगितलं, गावच्या तळ्यावर, बोडीवर, धुणं आपटता आपटता सांगितलं, शेजारणींच्या अंगणात न बोलावता जाऊन सांगितलं. ऐकणारी बाई मान हलवायची, "हो वो बाई, लाकडाचा बैल, पण त्यालेबी मन राहते ना," म्हणायची आणि पदर तोंडाला लावायची.

तशी सुमित्राबाई गप्प बसणारी नव्हे. शाळा चौथीपर्यंत. पण त्या चौथीत तिनं मास्तरलाच वर्गाबाहेर उभं केलं होतं, असं ती सांगते. (हे मात्र सगळे मानतात.)

नवरा दुधराम तिच्या अगदी उलटा. गोंदियाच्या एका राईस मिलमध्ये दिवाणजी. सकाळी सायकलनं जायचं, संध्याकाळी अंगभर कोंडा घेऊन यायचं आणि घरात जे काही बिघडलं असेल त्याचा दोष हातपाय धुण्याआधी कबूल करून मोकळं व्हायचं. दूध उतू गेलं, दुधराम. कोंबडी खुडूक बसली, दुधराम. बायकोचं नाव तर त्यानं उभ्या जन्मात तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात करवल्यांनी दार अडवून "नाव घ्या, तव्हाच आत सोडू" म्हटलं, तर गडी घामानं असा भिजला की करवल्यांनाच दया आली. तेव्हापासून ती "अवो", आणि नात झाल्यावर "रीताची आजी". (याचं तिला काही वाटत नसे. निदान ती तसं म्हणायची, आणि विचारलं नाही तरी म्हणायची.)

अशा माणसाला दारूचं नाही, पत्त्यांचं नाही, जुन्या रेसच्या गाड्यांचं वेड लागलं. मिलमालकाच्या टेबलावर तसली एक छोटी गाडी पाहिली आणि हा पाघळला. सायबर कॅफेतून फोटो छापून आणले, बिसराम वाढईच्या सुतारकामातून उरलेले सागाचे तुकडे आणले आणि पडवीत बसून तासायला लागला. छत्रीच्या काड्यांचे आरे, पावडरच्या डब्याच्या पत्र्याचा बॉनेट, मोडक्या पंख्यातली बेरिंग. टायर कशाचे ते सुमित्राबाईला उशिरा कळलं. बाजाराला निघाली तेव्हा एकाच पायात चप्पल होती.

पहिली गाडी तयार झाली तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवून पाहणी केली.

"हे कोणती गाडी जी? दार नाही, छप्पर नाही. पाणी आला तर?"

"रेसची आहे. माह्या आजाच्या काळातली. उघडीच राहते."

"आन् मधात हा टोपीवाला?"

"ड्रायव्हर."

"बाकीचे लोकं कोठी बसतात?"

"एकटाच राहते."

"म्हणजे एवढी लांबलचक गाडी, आन् बायकोले जागा नाही! कोणं बनवली असन, समजलं मले."

दुधराम "बरोबर आहे" म्हणाला आणि दुसरी गाडी करायला घेतली. वर्षा-दोन वर्षांत फळीवर रांग लागली. सगळ्यांत लाडकी लाल, सात नंबरची, हातभर लांब. तिची चाकं बोटानं फिरवली की चहा पिऊन होईपर्यंत फिरत राहायची. दुधराम चहा सोडून चाक पाहायचा आणि सुमित्राबाई दोघांकडे पाहायची.

आता तान्ह्या पोळ्याचं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी सजवून मारुतीच्या देवळासमोर रांगेत उभे करतात. उतारावर दोन बांबूंना आंब्याच्या पानांचं तोरण. आधी ईश्वरदास पाटलांच्या घरचा मानाचा नंदी तोरणाखालून जाणार, तेव्हा पोळा फुटला म्हणायचं, मग बाकीचे. त्याआधी कोणाच्या बैलानं शिंग पुढे काढलं तर पाटलाचा मान गेला, आणि ज्याच्यामुळे गेला त्याची अब्रू. उत्तम नंदीला स्टीलची कळशी बक्षीस. मागच्या वर्षी ती शेजारच्या फुलवंताबाईच्या नातवाला मिळाली होती. फुलवंताबाईच्या अंगणात नळ होता, तरी ती वर्षभर ती कळशी कमरेवर घेऊन सुमित्राबाईच्या दारावरून पाण्याला गेली.

यंदा कळशी आपल्या घरी आणायची, हे सुमित्राबाईनं ठरवून टाकलं होतं. सासूच्या काळचा सागाचा नंदी माळ्यावरून काढला तर चारही चाकांना कीड. हात लावला की भुगा. बिसराम वाढई म्हणाला, "पोळा झाल्यावर ये, काकी. आता नांगराले टाइम नाही, तं नंदीले कोठून देऊ?"

तेव्हा सुमित्राबाईनं एक लहानसा निर्णय घेतला. (पुढे जे झालं ते याच निर्णयानं झालं, पण हे ती सांगताना गाळते.)

"अजी, तुमाले चाकं येतात ना? लावून द्या नंदीले. घराच्या काही कामी तं पडन तुमचा तो धंदा."

दुधराम फळीसमोर बराच वेळ उभा राहिला. मग त्यानं लाल गाडी उतरवली, मांडीवर घेतली, चारही चाकं काढली आणि नंदीला बसवली. लाल गाडी विटेच्या तुकड्यांवर ठेवली. सुमित्राबाईला ते दिसलं. पण तिला नंदीच्या झुलीला टिकल्या लावायच्या होत्या.

"हे पाह्य, रीताची आजी," दुधराम नंदीच्या पोटाखाली बोट दाखवून म्हणाला, "हा ब्रेक. उभा केला का हे काडी खाली पाडजो. नाहीतं हा थांबत नाही."

"हो."

"उतारावर तं..."

"हो म्हटलं ना! तीस वर्सं संसार हाकून राहिली मी, लाकडाचा बैल नाही हाकू सकत?"

तान्ह्या पोळ्याला नंदी असा सजला की रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. दोरी रीताच्या हातात असायला हवी होती. पण रीता पहिलीतली, आणि फुलवंताबाईसमोरून जायचं म्हणजे ते लेकराचं काम नव्हे. दोरी आजीनंच धरली. रीता बाजूला बत्तासे खात उभी.

रांग लागली. झडत्यांची गाणी सुरू झाली, मधूनमधून 'हर हर महादेव' उठत होता. दरवर्षी पोळा पुकारणारा मनिराम माईकवर घसा साफ करत होता. ईश्वरदास पाटील हातात कुंकवाचं ताट घेऊन मानाच्या नंदीला टिळा लावायला वाकले. आणि नेमकी तेव्हा बाजूच्या रांगेतून फुलवंताबाई म्हणाली, "चाकं तं मस्त आहेत वो. चप्पलचे वास येऊन राहिले."

आता भांडण एका हातानं होत नाही. एका हातानं कमर धरावी लागते आणि दुसऱ्यानं हवेत दाखवावं लागतं. सुमित्राबाईनं दोन्ही हात कामाला लावले.

"चप्पल माहे, चाकं माहे, बैल माहा! तुह्या पोटात काऊन दुखून राहिलं? सालभर कळशी मिरवली ना? आज पाह्य, तुह्या डोळ्यादेखत घेऊन जातो ते कळशी मी!"

फुलवंताबाई सुमित्राबाईच्या मागे कुठेतरी पाहत होती. सगळेच पाहत होते.

नंदी निघाला होता. आधी सावकाश, मग बेरिंगला उतार सापडला. झूल उडवत, घुंगरं वाजवत, रेसच्या चाकांवर तो पाटील आणि मानाचा नंदी यांच्या मधून गेला. पाटलांचा टिळा त्याच्याच पाठीवर ओढला गेला. शिंगात तोरण अडकवलं, दोन्ही बांबू पाडले आणि पुढे टेबलावरच्या बक्षिसाच्या कळशीला जाऊन भिडला. टण्ण!

कळशीला कमरेत असा पोचा पडला की आता ती कोणाच्याच कमरेवर बसणार नव्हती.

मनिरामचं तोंड सवयीनं चालू होतं. "यंदाचा तान्हा पोळा फोडला आहे, ईश्वरदास पाटील यांच्या मानाच्या..." इथं त्यानं डोळे उघडले. "कोणाच्या गा?"

"दोरी मी सोडलीच नाही!" सुमित्राबाई ओरडली. (दोरी नंदीच्या मागे पडलेल्या बांबूंपर्यंत सरळ पसरली होती.) "यायच्या चाकाचा दोष आहे. इचारा यायले!"

तिनं बोट दुधरामकडे केलं आणि निश्चिंत झाली. दोष दुधरामकडे गेला की तो घेतो, हे तीस वर्षांचं चालत आलेलं होतं.

दुधराम गर्दीतून आला. बायकोकडे नाही, पाटलाकडे नाही, तो सरळ नंदीकडे गेला. गुडघ्यावर बसला, चाक बोटानं फिरवलं. चाक फिरतच राहिलं. त्यानं वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"सरळ गेला जी," तो पाटलांना म्हणाला. "एवढ्या उतारावर, बोटभरबी वाकडा नाही गेला."

"ते रायलं बाजूले, दुधराम," पाटील कुंकवाचा हात झटकत म्हणाले. "चाकं तुह्येच?"

"हो जी."

"म्हणजे दोष तुहाच?"

सुमित्राबाईनं आधीच मान डोलावली. दूध, कोंबडी आणि आता हा पोळा. दुधरामनं तोंड उघडलं, हो म्हणायला त्याची जीभ तयारच होती. तेवढ्यात त्याचं लक्ष फिरणाऱ्या चाकाकडे गेलं. हो म्हटलं तर दोष चाकाचा ठरत होता.

"नाही जी," दुधराम म्हणाला.

गर्दीत कोणीतरी "आँ?" केलं. ती सुमित्राबाईच होती.

"चाकं चांगले आहेत. ब्रेकबी आहे, हा पाहा. पाडला असता तं जागचा हालला नसता. सांगतलं होतं मी."

"कोणाले सांगतलं होतं?"

"घरी सांगतलं होतं."

"घरी म्हणजे कोणाले गा? भिताडाले?" पाटलांनी मनिरामच्या हातातला माईक ओढून दुधरामच्या तोंडासमोर धरला. "आज तोरण माह्या घरचं तुटलं. नाव सांग. सगळ्याइले आयकू दे."

दुधरामला घाम फुटला. कपाळावरून, मानेवरून, थेट लग्नातल्यासारखा. सुमित्राबाईनं त्याच्याकडे असे डोळे वटारले की दुसरा कोणी असता तर बोडीत उडी टाकली असती. पण आतून तिला खात्री होती. करवल्यांनी दार अडवूनही जे निघालं नाही, ते काय आता निघणार?

दुधरामनं एक हात चाकावर ठेवला. दुसऱ्यानं माईक धरला. भोंगा खरखरला, मग गावाबाहेर कामठ्याच्या रस्त्यापर्यंत स्वच्छ ऐकू गेलं:

"सुमित्राबाई."