परिचय पुस्तिकेतलं काळं डोकं

मी हिंमतराव. गुप्तहेर. शिक्षण नववीपर्यंत, आणि ते तिथे थांबलं तेही मास्तरांच्या चुकीनं. बाकीचं सगळं मी स्वतः शिकलो: पायांचे ठसे, माणसांचे चेहरे, कुत्र्यांचे स्वभाव. संग्रामपूर तालुक्यात असा मेंदू दुसरा नाही, असं लोक म्हणत नाहीत, कारण लोक जळतात. पुण्यात असतो तर एखाद्या चौकाला माझं नाव असतं. इथं बाया हरवलेल्या कोंबड्यांचं विचारायला येतात. मी त्याही शोधतो. सापडत नाहीत, हा कोंबड्यांचा दोष.

तर शेखरचा फोन आला. शेखर आमच्याकडचा ऑनलाइन सेंटरवाला. समाजाच्या मेळाव्याची वधू-वर परिचय पुस्तिका त्यानं करायला घेतली होती. काम त्याचं कमी, कॉम्प्युटरचं जास्त. लोकांनी आपापल्या फाईली पाठवायच्या, कॉम्प्युटरमधला साचा त्या एकेक उचलतो आणि चित्र म्हणून फोटोच्या चौकटीत चिकटवतो. माणसानं बघायचंही नाही. शेखर बघतही नव्हता.

मी पोचलो तेव्हा अश्विनी त्याच्यासमोर उभी होती. कृषी पदविका झालेली, स्वतःचं शेत-वावर स्वतः पाहणारी मुलगी. हातात छापील पान.

"काका, हे पाहा. नाव माहं, शिक्षण माहं, खाली वावराची ओळबी माही, आन् वरतं हे काय हाय?"

चौकटीत एक काळं, लांबुळकं डोकं होतं. त्यावर पांढरे दोन ठिपके. पुस्तिकेची आतली पानं काळी-पांढरीच छापायची होती, त्यात साच्यानं चित्र चौकटीच्या मापात उभं ताणलेलं.

"संध्याकाळच्या गाडीनं हे खामगावच्या छापखान्यात जाऊन राह्यलं," अश्विनी म्हणाली. "माह्या नावावर माहं तोंड पाहिजे. बाकी मले काही नको."

"मी तिची फाईल उघडून पाहतो," शेखर म्हणाला.

"खबरदार," मी म्हणालो. "फाईल हा पुरावा आहे. पुराव्याला हात लावायचा नसतो."

"भाऊ, दोन मिनिटांचं काम हाय."

"दोन मिनिटांत फक्त चहा होतो. तपास होत नाही."

मी पान उन्हात धरलं, उलटं धरलं, हुंगलं. मग निष्कर्ष काढला. "हे डांगर आहे, अख्खा भोपळा. शेजारच्या पानावर रंगरावची मुलगी आहे. रंगराव डांगरं लावतो. आपली पोर उठून दिसावी म्हणून त्यानं हा डाव टाकला."

"रंगरावकाकाले अजून मोबाईल धरता येत नाही," अश्विनी म्हणाली. "फोन आला का उलटा कानाले लावते."

"तेच तर. इतका अडाणी माणूस संशयास्पद असतो."

"आन् हे दोन ठिपके?"

"गोळ्यांच्या खुणा. डांगरावर कुणीतरी गोळीबार केला आहे."

शेखरनं कपाळावर हात मारला. "व्हायरस असन, भाऊ."

"असू शकतो. मग त्याचा आणि रंगरावचा संबंध काय, हे शोधावं लागेल."

"संबंध जोडता जोडता गाडी जाईन, काका," अश्विनी म्हणाली. तिचा आवाज आता माझ्याच दिशेनं तापत होता.

तेवढ्यात तिची आई गीताबाई भाजीची पिशवी घेऊन आत आली. पान पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि पदर सावरून चक्क हात जोडले.

"काऊन हात जोडले, माय?"

"देव दिसला तं हात नाही जोडू? आपल्या वावराच्या बांधावरचा, धुऱ्यावरचा म्हसोबा हाय नं हा. चांदीचे डोळे नाही वळखले का तुले? फाईल मीच पाठवली माह्या मोबाईलवरून. शुभ काम हाय, पहिला मान त्याचा. पहिल्या पानावर तो, दुसऱ्या पानावर तू."

शेखरनं माझ्याकडे न बघता फाईल उघडली. पहिल्या पानावर शेंदरी म्हसोबा, दुसऱ्यावर अश्विनी. साचा बिचारा पहिलंच पान उचलत होता.

"माझा रोख तिकडेच होता," मी म्हणालो. कुणी ऐकलं नाही.

इतक्यात गीताबाईचा फोन वाजला. पुस्तिकेची कच्ची प्रत शेखरनं सकाळीच समाजाच्या ग्रुपवर टाकली होती. पिंपळगाव राजाहून एक वरबाप बोलत होते. गीताबाईनं स्पीकर लावला.

"ताई, मुलगी आमाले पसंत हाय."

अश्विनी पुढे झाली. "फोटो पाह्यला का तुमी?"

"पाह्यला नं. चांगला मोठा करून पाह्यला. नाकीडोळी नीटस हाय, शांत वाटते. बरं, ते वावर एकाच जागी हाय का तुकड्या-तुकड्यानं? आन् एकुलतीच हाय नं पोर?"

दगडाला पसंत करणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली आहेत; दगडाखालची जमीन चांगली असली की झालं. पण इतक्या उघडपणे कधी ऐकलं नव्हतं.

अश्विनीनं फोन कापला.

"शेखरभाऊ, माहा फोटो लावा. आन् ते वावराची ओळ खोडा."

"ताई, मंग फोन कमी येतीन."

"येऊ द्या कमी. येतीन ते मले पाहून येतीन."

शेखरनं ओळ खोडली. गीताबाई पिशवी उचलून दारापर्यंत गेली, तिथून वळली.

"आन् देवाचं पान?"

"त्याचं काय," अश्विनी म्हणाली. "त्याले तं स्थळबी आलं."