शेन मावशींचे यजमान

माझ्या फेरीत एकाही माणसाला दगडात हत्ती दिसणार नाही, अशी घोषणा मी सकाळी खानावळीत केली आणि वाडग्यातलं नूडल्सचं पाणी लढाई जिंकल्यासारखं घटाघटा पिऊन टाकलं!

मी भूशास्त्राची पदवीधर, पण नोकरी गुहा दाखवायची. आमच्या गुइचौ प्रांतात दोन डोंगर ओलांडले की एक गुहा लागते आणि प्रत्येक गुहेत एकच नाटक चालतं. वाटाड्यानं लाल दिवा लावायचा, म्हणायचं, "हा घोडा." निळा दिवा लावायचा, म्हणायचं, "ही अप्सरा." लोकांनी "अय्या, खरंच की!" म्हणायचं, फोटो काढायचा आणि पुढे सरकायचं. लाखो वर्षं थेंबाथेंबानं वाढलेल्या चुनखडीचा असा अपमान मला बघवत नव्हता.

"यीलान," आमचे मॅनेजर लुओ साहेब चॉपस्टिक माझ्यावर रोखून म्हणाले, "आपला धंदा म्हणजे तीन आणे साम्य आणि तेरा आणे कल्पना!"

"आणि शास्त्र, साहेब?"

"शास्त्र बघायला कोण तिकीट काढतं? तुझ्या उमेदवारीचा आज शेवटचा दिवस आहे. आजच्या गटानं तक्रार केली, तर उद्यापासून पार्किंगमध्ये उभी राहून बसगाड्यांना शिट्ट्या मार!"

शिट्ट्यांचं मला काही नव्हतं. पण मला ही गुहा हवी होती. सोमवारी ती बंद असते. तेव्हा मी आत एकटीच थेंबांचा आवाज ऐकत बसते. जगात याहून सुंदर जागा नाही आणि तिला फक्त एकच दोष आहे, मंगळवारी माणसं येतात, असं माझं ठाम मत होतं.

त्या दिवशी आल्या त्या वूशी शहराच्या सूतगिरणीतल्या निवृत्त बायका. डोक्यावर लाल टोप्या, गळ्यात रंगीबेरंगी ओढण्या, हातात चहाचे थर्मास! पुढे फेंग मावशी. कमरेला ध्वनिवर्धक लावलेला, आवाज मात्र त्याच्याशिवायही डोंगरापलीकडे जाईल असा. आठ दिवस त्या बसमध्ये झोपायच्या, उतरून ओढण्या उडवत फोटो काढायच्या आणि परत बसमध्ये झोपायच्या. यालाच आमच्याकडे देश बघणं म्हणतात.

सगळ्यांच्या मागे शेन मावशी होत्या. त्यांची ओढणी राखाडी. त्या फोटोतही येत नव्हत्या आणि कुणाशी बोलतही नव्हत्या.

पहिल्याच दगडापाशी मी घसा साफ केला. "हा अधोमुखी नव्हे, ऊर्ध्वमुखी स्तंभ. कॅल्शियम कार्बोनेट."

"ते कळलं गं," फेंग मावशी म्हणाल्या, "पण हा आहे कोण?"

"कोणी नाही, मावशी. दगड आहे."

"कोणी नाही कसा? नंबर लावलाय की त्याला!"

"कालच्या गुहेत आम्हाला ड्रॅगन दाखवला, दोन वाघ दाखवले," मागून कुणीतरी म्हणालं. "इथं एक कोंबडीसुद्धा नाही?"

"आणि तिकीट तेवढंच!"

"नवीन दिसतेय बिचारी. पाठ झालं नसेल!"

माझे कान तापले. पाठ झालं नसेल? मला? मी ठरवलं की आता यांना दगडाचा खरा रंग दाखवायचाच! प्रत्येक दालनात भिंतीवर दिव्यांची पेटी असते. रंगीत दिवे बंद करायचे, डागडुजीचा पांढरा दिवा लावायचा, एवढं सोपं काम. मी झोकात पेटी उघडली, एक बटण खाली केलं, दुसरं वर केलं.

फट्!

सगळी गुहा गुडुप झाली. असा अंधार, की डोळे उघडे आहेत की मिटलेले, ते बोट लावून तपासावं लागेल!

"आई गं!"

"माझा पाय! कोण उभंय माझ्या पायावर?"

"मीच आहे, ओरडू नकोस! मला वाटलं पायरी आहे!"

अंधारात मला स्पष्ट दिसली ती शिट्टी. पार्किंगमधली.

"सगळ्यांनी आहात तिथंच थांबा," मी शक्य तितक्या शांतपणे म्हटलं. "हा... हा आमच्या कार्यक्रमाचाच भाग आहे."

मग एक फोन पेटला. मग दुसरा. बघता बघता सगळ्यांच्या हातात उजेडाचे कवडसे आले आणि ते दगडांवर फिरू लागले. गुहा हिरवी नव्हती, जांभळी नव्हती. ती दुधाची होती, मधाची होती, कुठे गुलाबी, कुठे ओलसर चमकणारी. हात हलले की सावल्या हलायच्या आणि सावल्या हलल्या की दगड मान वळवायचे! सोमवारी माझ्याजवळ एकच विजेरी असते. इतक्या हातांचा उजेड मी कधी पाहिलाच नव्हता.

"अगं बाई! ती बघ मुकादमीण!" एक मावशी किंचाळली. "कमरेवर हात ठेवून! तशीच्या तशी!"

"आणि ती माझी सासू! तोंड फिरवून बसलीय!"

"जिवंतपणीही अशीच बसायची!"

हास्याचा असा स्फोट झाला की वरून चार थेंब जास्त पडले. (हे शास्त्रीयदृष्ट्या शक्य नाही. पण पडले.) आता दगड नावानिशी ओळखले जाऊ लागले. गिरणीचा वॉचमन, उधारी न देणारी शेजारीण, पळून गेलेला जावई! सगळं वूशी माझ्या गुहेत येऊन उभं राहिलं. मी "कॅल्शियम" एवढंच म्हणत होते आणि "कार्बोनेट" म्हणायच्या आत पुढचा नातेवाईक सापडत होता.

तेवढ्यात अगदी हळू आवाज आला. "हे... आमचे हे."

शेन मावशी एका बसक्या, वाकलेल्या दगडासमोर उभ्या होत्या. फोन त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"असेच वाकायचे. चष्मा शोधायला." त्या दगडाकडे बघत म्हणाल्या आणि एकदम त्यांचा आवाज चढला. "पुढच्या वर्षी जाऊ, पुढच्या वर्षी जाऊ! झाली का तुमची पुढची वर्षं? आले बघा मी एकटी!"

थेंबांचा आवाज ऐकू येऊ लागला.

मग फेंग मावशी खाकरल्या. "चष्मा कपाळावरच असेल त्यांच्या."

"नेहमी तिथंच असायचा!" शेन मावशी म्हणाल्या, फसकन हसल्या आणि मग रडल्या, आणि मग दोन्ही एकदम करू लागल्या. चारी बाजूंनी लाल टोप्यांनी त्यांना वेढून टाकलं. आणि मी? मी, भूशास्त्राची पदवीधर, खाली वाकून दगडाच्या पायाशी चष्मा दिसतोय का ते बघत होते!

शेन मावशींनी पिशवीतून चहात उकडलेलं अंडं काढलं, सोललं आणि दगडासमोर ठेवलं.

"मावशी, आत खायचं ठेवायचं नाही. बुरशी येते."

"नाही येणार. ते लगेच खातात."

मी वाकून अंड्याखाली कागदी रुमाल सरकवला.

इथपर्यंत सगळं निभावलं असतं. पण मागचा गट अंधारात चाचपडत आमच्यापर्यंत पोहोचला. त्यांना दिसलं ते एवढंच: एक दगड, समोर नैवेद्य, भोवती डोळे पुसणाऱ्या बायका.

"हा कसला देव?" त्यांच्यातल्या एका गृहस्थानं दबक्या आवाजात विचारलं.

"हरवलेल्या वस्तू शोधतात हे," फेंग मावशी गमतीनं म्हणाल्या.

तो गृहस्थ हसलाच नाही! त्यानं खिशातलं संत्रं काढून अंड्याशेजारी ठेवलं. "माझी छत्री," तो पुटपुटला. त्याच्यामागे कुणाची अंगठी आली, कुणाचं रेल्वेचं तिकीट, कुणाचे गालिच्याखाली लपवलेले पैसे, आणि गालिचाच बदललेला! बिस्किटं, शेंगदाणे, कोंबडीचे मसालेदार पाय. रांग वळणापर्यंत गेली. एकजण मला विचारत होता, "मॅडम, मुलाचं अभ्यासातलं लक्ष हरवलंय. तेही चालेल ना?"

"मला माहीत नाही! हा दगड आहे!" मी ओरडले.

"शू! देवासमोर असं बोलू नये!"

तेवढ्यात दिवे आले. लाल, निळे, जांभळे. शेन मावशींचे यजमान पायापासून डोक्यापर्यंत पोपटासारखे हिरवे झाले.

"बंद करा तो दिवा!" सगळ्या लाल टोप्या एकदम ओरडल्या. "आजारी दिसतायत ते!"

वळणावरून लुओ साहेब धावत आले. घामाघूम, शर्टाला कोळ्याची जाळी लागलेली, हातात वीजमापक. त्यांनी रांग पाहिली, नैवेद्य पाहिला आणि त्यांचा तोल गेला.

"काय चाललंय? हा कोबी आहे! पुस्तिकेत छापलंय, कोबी!"

शेन मावशी सावकाश वळल्या. आठ दिवस गप्प असलेली बाई ती. "माझ्या नवऱ्याला," त्या म्हणाल्या, "कोबी म्हणालात?"

मग जे झालं त्याला बोलाचाली म्हणणं म्हणजे महापुराला ओल म्हणणं आहे. गिरणीतल्या यंत्रांवर आवाज चढवून आयुष्य काढलेल्या बायका त्या! साहेब मागे सरकत सरकत अप्सरेला टेकले.

"यीलान!" ते केविलवाणेपणानं म्हणाले. "तू शास्त्रवाली ना? सांग यांना! हा कोण आहे?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. कोबी म्हटलं की गुहा माझी. कॅल्शियम कार्बोनेट म्हटलं की निदान पदवीची लाज राहणार. शेन मावशी मात्र माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या दगडाच्या खांद्यावरचं पाणी ओढणीनं टिपत होत्या.

"साहेब," मी म्हटलं, "हे शेन मावशींचे यजमान."

आणि हात लांबवून हिरवा दिवा बंद केला.

शिट्टी मिळाली नाही. त्या गटानं फोनवर माझं इतकं कौतुक लिहिलं की साहेबांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि वाचताना "कोबी" शब्द आला तिथे खोकले. मला कायम केलं. अट एकच: त्या दगडासमोर आता "शोधणारे आजोबा" अशी पाटी आहे आणि त्यांची गोष्ट प्रत्येक फेरीत मीच सांगायची. शास्त्र सोमवारी. त्याच दिवशी मी बुरशी खरवडते. अंड्यांना येते ती, सांगून ठेवते.

गेल्या आठवड्यात शेन मावशींनी फोटो पाठवला. त्या एकट्याच निघाल्या होत्या, कान्सू प्रांताकडे. तांबड्या डोंगरात एक वाकलेला सुळका, शेजारी लालभडक ओढणी उडवत स्वतः उभ्या. खाली लिहिलं होतं, "इथेही भेटले. जरा जाड झालेत."

मी लगेच कळवायला घेतलं की तो वालुकाश्म आहे, वाऱ्यानं तो झिजतो, त्यामुळे जाड होणं शक्यच नाही. पाठवण्याआधी खात्री म्हणून फोटो मोठा करून पाहिला.

झालेत हो. पोट सुटलंय.