ठेंगूआक्काचा गॅस तापला

आमच्या आळीत पिठाच्या गिरणीमागे एक बुटकी दीर्घिका राहते. तिचा गॅस तापून घर सोडून गेला, तेव्हा त्याला निववून आणायला मलाच बोलावलं. रुसलेल्याची समजूत काढण्यात अख्ख्या तालुक्यात माझा हात धरणारा नाही. आमची ही माहेरी गेली ती कैक वर्षं तिकडेच आहे, ते सोडा.

दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचं घराणं. हिला सगळे ठेंगूआक्का म्हणतात. मी सातवी नापास, तरी एवढं कळतं की गॅस निवला की साकळतो आणि साकळला की तारा जन्मतो. गॅस नाही, तर पाळणा नाही. आक्काचा थोरला तारा फुटला, त्या दणक्यात गॅस तापून बाहेर पडला. लांब गेला नाही. आळीभोवती विरळ होऊन उभा राहिला.

मी ताकाचा तांब्या घेऊन गेलो. "काय रे, बाईला टाकून इथं हवा खातोस?"

"खातो कसला, मीच हवा."

"घरी चल."

"तिला माझी ओढ नाही. असती तर एका दणक्याला मी बाहेर पडलो असतो? वरच्या आळीत ती थोरली दीर्घिका आहे ना, तिचे तारे रोज फुटतात. तिचा गॅस दिवेलागणीला घरात असतो."

मी निरोप पोचवला. आक्का उंबऱ्यात बसली होती.

"ओढ आहे हो, भाऊजी. वजन नाही. वजनाशिवाय ओढीला जोर कुठला?"

"माझं घ्या थोडं," मी म्हणालो. गिरणीचा बाक माझ्याच खाली मोडलाय.

मग मी रोज जाऊन गॅसला सरपंचाच्या चहाड्या सांगू लागलो. हसून हसून तो निवत गेला. एका सकाळी त्याची एक बट उंबऱ्यापर्यंत आली. आक्काने पाळणा धुऊन उन्हात ठेवला.

तेवढ्यात मधला तारा फुटला.

गॅस पुन्हा तापला, आणखी मागे सरला. नेमकी थोरली रस्त्याने चालली होती. ती थांबलीसुद्धा नाही, पदराबरोबर सगळा गॅस तिच्या मागे गेला. तिचं काही चुकलं नाही. वजनच तेवढं.

आता आक्काकडे जुनेच तारे उरलेत, लाल पडत चाललेले. पाळण्यात गिरणीवाला चाळण्या ठेवतो.

"आक्का, गेलेलं येतं कधीतरी परत," मी म्हणालो. "धीर धरा."

"मला वजन नव्हतं, भाऊजी," आक्का म्हणाली. "तुम्हाला तर आहे. मग वहिनी का नाही आल्या?"