शंभर युनिटांचा फरार आरोपी

जगात थोर डिटेक्टिव्ह तीनच, असं गरुडनजर सांगायचा. उरलेले दोघे कोण, याचा तपास अजून चालू होता. हे टोपणनाव त्याने स्वतःच ठेवलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला सुचेना.

महिनाभर तो थोरल्या बहिणीकडे, मागच्या खोलीत मुक्कामाला होता. नेमकं त्याच महिन्यात घरचं विजेचं बिल शंभर युनिटांनी फुगलं.

"वरची शिंपीणबाई!" बिल हुंगून त्याने जाहीर केलं. "मशीन चालवून चालवून तिने तुला लुटलंय, ताई."

ताईने विश्वास ठेवला आणि पाच वर्षांच्या भाडेकरणीला संध्याकाळपर्यंत खोली सोडायला सांगितलं. बाईने आधी कपाट, मग मशीन एकटीने खाली अंगणात आणलं. मग कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "साहेब, हे मशीन शंभर वॅटचं. दहा तास चाललं की एक युनिट. शंभर युनिटांना हजार तास हवेत. महिन्यात असतात सातशेवीस."

"म्हणजे तुम्ही तासही चोरता!"

"गाढवा," ताई म्हणाली.

गरुडनजरने तपासाची दिशा बदलली. "मग इस्त्री! हजार वॅट! घरातली सगळ्यात दांडगी."

"अरे, आठवड्यातून अर्धा तास चालते ती."

"थोडक्यात उरकणारेच अट्टल असतात." त्याने इस्त्रीला प्लास्टिकच्या पिशवीत अटक केली. इस्त्री गरम होती. पिशवीने वितळून पूर्ण सहकार्य केलं.

शेवटी शिंपीणबाईनेच घरातली दिसतील ती सगळी बटणं बंद केली आणि मीटरपाशी उभी राहिली. लाल दिवा मजेत लुकलुकत होता.

"काहीतरी चालू आहे अजून. ही गुरगुर कसली?"

"शेजारचा कुत्रा. महिनाभर नोंद ठेवलीये मी," गरुडनजर म्हणाला.

बाई आवाजामागे थेट त्याच्या खोलीत गेली. ओव्हरकोटाखाली जुना फ्रीज धडधडत होता.

"हा तर मी कधीच बंद केला होता!" ताई ओरडली. "दारसुद्धा लागत नाही त्याचं!"

आत एक बूट, तीन केस आणि अर्धं बिस्किट होतं. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली.

"पुरावे ताजे नकोत राहायला?" गरुडनजरने विचारलं.

"दीडशे वॅट," बाई म्हणाली, "पण रात्रंदिवस, श्वास न घेता. झाले की शंभरावर."

ताईचा चेहरा उतरला. "बाई, चुकलं माझं. खोली तुमचीच. राहाल ना?"

"राहीन हो. पण हे मशीन आता माझ्याच्याने वर जायचं नाही."

दोघींनी गरुडनजरकडे पाहिलं.

पाचव्या पायरीवर, मशीनला मिठी मारून, तो धापा टाकत म्हणाला, "ताई, आरोपी गुन्हा कबूल करतोय!"

"छान," ताई खालून म्हणाली. "सावकाश जा. कपाट अजून आहे."